अँजिओसार्कोमाचा चार्ट समोर आला तर: बेळगाव भागातल्या नव्या कोडरसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडची बीएस्सी, बीफार्म, नर्सिंग झालेली बरीच मुलं-मुली आता मेडिकल कोडिंगकडे, म्हणजे रुग्णाच्या चार्टमधलं (फाइलमधलं) निदान आणि उपचार ठरलेल्या कोडमध्ये लिहिण्याच्या कामाकडे, वळली आहेत. कोणी पुण्या-बेंगळुरूच्या कंपनीत आहे, कोणी टिळकवाडीत घरी बसून अमेरिकन हॉस्पिटलांचे चार्ट बघतं, तर कोणी इथल्याच हॉस्पिटलच्या एमआरडीत, म्हणजे मेडिकल रेकॉर्ड विभागात लागलं आहे. कॅन्सरचं काम मिळालं की स्तन, फुप्फुस, तोंड हे रोजचेच होतात आणि हात बसतो. अँजिओसार्कोमा हा दुर्मिळ कॅन्सर मात्र वर्षात क्वचित दिसतो. तो आला की नवा कोडर इंडेक्स उघडतो, हवं ते सापडत नाही, आणि वेळ संपत आली म्हणून 'अनस्पेसिफाइड', म्हणजे तपशील नसलेला कोड, टाकून मोकळा होतो. ते होऊ नये म्हणून हे लिहिते आहे. या आजारात नावावरून कोड मिळत नाही. गाठ कुठे आहे, हे कागदावर नीट लिहिलेलं असेल तरच मिळतो, आणि ते लिहिलेलं आहे की नाही हे बघणं आपलं काम आहे.

एक आधीच सांगते. लेखात कोडची अक्षरं मी देवनागरीत लिहिली आहेत. सॉफ्टवेअरमध्ये ती अर्थातच रोमन कॅपिटलमध्ये आणि इंग्रजी आकड्यांत टाकायची.

आधी आजार ओळखा

रक्तवाहिन्या आणि लसीकावाहिन्या (लिंफच्या वाहिन्या) आतून ज्या पेशींनी मढवलेल्या असतात, त्यांना एंडोथेलियल पेशी म्हणतात. त्या पेशींचा कॅन्सर म्हणजे अँजिओसार्कोमा. जुन्या कागदांवर हिमँजिओसार्कोमा किंवा लिंफँजिओसार्कोमा असंही दिसेल. सॉफ्ट टिश्यू सार्कोमा, म्हणजे स्नायू, चरबी, वाहिन्या अशा मऊ भागांचे कॅन्सर, मुळातच कमी, आणि त्यातही याचा वाटा साधारण एक ते दोन टक्के.

रक्तवाहिन्या अंगभर आहेत, म्हणून हा कुठेही होऊ शकतो. तरी काही जागा ठरलेल्या आहेत. सगळ्यात जास्त वेळा तो म्हाताऱ्या माणसांच्या डोक्याच्या आणि चेहऱ्याच्या कातडीवर येतो. मग स्तन, यकृत, हृदय (तेही बहुतेकदा उजवा कर्णिका कप्पा), प्लीहा, हाडं आणि खोलवरचे स्नायू.

डोक्यावरचा अँजिओसार्कोमा सुरुवातीला मुका मार लागून निळं पडल्यासारखा दिसतो. दुखत नाही. आपल्याकडच्या ओपीडीत एखादी सून आजीला घेऊन येते आणि सांगते, "डोईला चौकट लागल्याली, त्याचंच निळं पडलंय बघा डॉक्टर, पण जाईना झालंय." केस पेपरवर पहिल्या दिवशी 'डोक्याला मार' एवढंच लिहिलं जातं. पुढे बायोप्सीत कॅन्सर निघतो, पण पहिल्या पानावरचा तो मार फाइलभर फिरत राहतो. कोडरनं तिथे सावध राहायचं. घरच्यांनी सांगितलेलं कारण आणि डॉक्टरांनी ठरवलेलं निदान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डॉक्टरनं स्वतः इजा म्हणून निदान लिहिलं नसेल तर इजेचा कोड लावायचा नाही.

कारणांपैकी काही चार्टमध्ये मुद्दाम शोधावी लागतात. स्तनाच्या कॅन्सरसाठी पूर्वी रेडिएशन घेतलेल्या बाईला बऱ्याच वर्षांनी त्याच जागी हा होऊ शकतो. स्तन काढल्यावर हात कायमचा सुजलेला राहतो, त्या सुजलेल्या हातातही होतो. स्टुअर्ट आणि ट्रीव्ह्ज यांनी १९४८ साली अशा रुग्णांची नोंद केली, म्हणून त्याला स्टुअर्ट-ट्रीव्ह्ज सिंड्रोम म्हणतात. यकृतातल्या अँजिओसार्कोमाचा संबंध विनाइल क्लोराइडशी आहे. १९७४ साली अमेरिकेतल्या केंटकी राज्यातल्या पीव्हीसी कारखान्यातल्या कामगारांत हे लक्षात आलं. आर्सेनिक आणि पूर्वी एक्स-रेसाठी शिरेतून देत ते थोरोट्रास्ट हे द्रव्यही त्याच यादीत. म्हणून सोशल हिस्टरी वगळून पुढे जाऊ नका. माणूस कुठल्या कारखान्यात काय काम करत होता ही ओळ इथे महत्त्वाची ठरते.

पॅथॉलॉजी रिपोर्ट कसा वाचायचा

निदानाचा खरा आधार हा रिपोर्ट. वरून खाली वाचत न बसता आधी चार गोष्टी शोधा: नमुना नेमका कुठून घेतला, शेवटचं निदान कोणत्या शब्दांत लिहिलं आहे, इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीत (पेशींतली ठरावीक प्रथिनं रंगवून बघण्याच्या तपासणीत) काय आलं, आणि गाठ काढली असेल तर कडा मोकळ्या, म्हणजे कॅन्सरच्या पेशी नसलेल्या, आहेत का.

इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीत सीडी३१, सीडी३४, ईआरजी ही नावं दिसली आणि पॉझिटिव्ह असली, तर पेशी रक्तवाहिनीच्या अस्तराच्या आहेत एवढं कळतं. रेडिएशननंतरच्या अँजिओसार्कोमात एमवायसी जनुकाची वाढ दिसते, त्याचाही उल्लेख येतो. पण हे मार्कर बघून आपण निदान करायचं नाही. सीडी३१ साध्या हिमँजिओमातही पॉझिटिव्ह येतो, आणि हिमँजिओमा म्हणजे रक्तवाहिन्यांची निरुपद्रवी गाठ.

या दोघांमधला फरक कॅन्सर रजिस्ट्रीच्या कोडमध्ये बघण्यासारखा आहे. रजिस्ट्रीत, म्हणजे कॅन्सर रुग्णांच्या नोंदवहीत, आयसीडी-ओ-३ वापरतात; आयसीडी या आजारांच्या जागतिक वर्गीकरणाची ती कॅन्सरसाठीची आवृत्ती. त्यात हिमँजिओमा म्हणजे ९१२०/० आणि अँजिओसार्कोमा म्हणजे ९१२०/३. पहिले चार आकडे तेच, फक्त तिरक्या रेषेनंतरचा आकडा बदलतो. शून्य म्हणजे निरुपद्रवी, एक म्हणजे अनिश्चित, दोन म्हणजे जागच्या जागी असलेला, तीन म्हणजे घातक, सहा म्हणजे दुसरीकडून पसरून आलेला. घाईत तीनच्या जागी शून्य टाइप झालं तर कॅन्सरचा रुग्ण रजिस्ट्रीत निरोगी होऊन बसतो. त्याच पानावर लिंफँजिओसार्कोमा ९१७०/३, एपिथेलिऑइड हिमँजिओएंडोथेलिओमा ९१३३/३ आणि कापोसी सार्कोमा ९१४०/३ आहेत. हे चारही रक्त किंवा लसीकावाहिन्यांचेच, पण एकमेकांच्या जागी चालत नाहीत. कापोसीला आयसीडी-१० मध्ये स्वतःचा वर्ग आहे, सी४६. अँजिओसार्कोमा तिथे टाकणं ही मोठी चूक.

आता निदानाचे शब्द. 'सस्पिशस फॉर अँजिओसार्कोमा', 'प्रोबेबल', 'रूल आउट', 'कम्पॅटिबल विथ', 'कन्सिस्टंट विथ' हे सगळे अनिश्चिततेचे शब्द धरले जातात. ओपीडीच्या चार्टमध्ये अशा शब्दांवर कॅन्सरचा कोड लावता येत नाही. तिथे लक्षण कोड करायचं, डोक्यावरच्या गाठीसाठी आर२२.०. 'कन्सिस्टंट विथ' वाचून बऱ्याच जणांना ते पक्कं निदान वाटतं. नियमांत ते अनिश्चितच आहे. भरती रुग्णाच्या बाबतीत उलट आहे: डिस्चार्जच्या वेळी डॉक्टरनं 'प्रोबेबल' लिहिलं तर तो आजार आहे असं धरून कोड करता येतो. आणखी एक फरक. ओपीडीत पॅथॉलॉजिस्टनं सही केलेला अंतिम रिपोर्ट हातात असेल तर त्यातलं पक्कं निदान कोड करता येतं. भरती रुग्णात नुसत्या पॅथॉलॉजी रिपोर्टवरून कोड लावत नाहीत, उपचार करणाऱ्या डॉक्टरनं ते निदान स्वतः लिहायला हवं. त्यांनी लिहिलं नसेल तर क्वेरी, म्हणजे डॉक्टरला लेखी प्रश्न.

कोड शोधण्याची वाट

आयसीडी-१०-सीएमच्या, म्हणजे आयसीडीच्या अमेरिकन आवृत्तीच्या, वर्णक्रमाच्या इंडेक्समध्ये अँजिओसार्कोमा काढा. तिथे कनेक्टिव्ह टिश्यूच्या (संयोजी ऊतीच्या) घातक निओप्लाझमकडे (पेशींच्या नव्या वाढीकडे) जा असं सांगितलेलं दिसेल, आणि खाली यकृतासाठी सी२२.३. एवढंच. यकृत ही एकच जागा अशी, जिथे अँजिओसार्कोमाला नावानिशी स्वतःचा कोड आहे. बाकी सगळ्या शरीरासाठी निओप्लाझम टेबलमधल्या 'कनेक्टिव्ह टिश्यू' या ओळीखाली जायचं.

त्या ओळीला एक टीप जोडलेली आहे, ती नवीन माणूस हमखास ओलांडून जातो. टीप सांगते: गाठीची जागा या यादीत असेल तर यादीतला कोड घ्या, यादीत नसेल तर त्या अवयवाचा कोड घ्या. तिथलीच उदाहरणं बघा. खांद्याचा लायपोसार्कोमा सी४९.१ मध्ये जातो, पण जठराचा लायोमायोसार्कोमा जठराच्याच कोडात, सी१६.९ मध्ये. ही टीप एकदा डोक्यात बसली की अँजिओसार्कोमाचे निम्मे प्रश्न सुटतात.

म्हणजे डोकं, चेहरा आणि मान असेल तर सी४९.०. इथे लोक अडखळतात, कारण गाठ कातडीवर दिसते आणि बोट सी४४ कडे जातं. सी४४ कातडीच्या इतर घातक गाठींसाठी आहे. कातडीतला असला तरी हा सार्कोमा आहे, आणि इंडेक्स आपल्याला कनेक्टिव्ह टिश्यूकडे पाठवतो. गंमत अशी की रजिस्ट्रीच्या आयसीडी-ओमध्ये मात्र जागा कातडीचीच लिहितात, डोक्यासाठी सी४४.४, आणि प्रकार ९१२०/३ मध्ये सांगतात. त्यामुळे एकाच रुग्णाच्या बिलात सी४९.० आणि रजिस्ट्रीत सी४४.४ दिसलं तर घाबरू नका, दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत.

हातासाठी सी४९.१, पायासाठी सी४९.२, आणि या दोन्हींत पुढे डावं-उजवं सांगायचं: उजवा हात सी४९.११, डावा सी४९.१२, उजवा पाय सी४९.२१, डावा सी४९.२२. छातीची भिंत सी४९.३, पोट सी४९.४, ओटीपोट सी४९.५. हृदयाचा सी३८.०. प्लीहेचा सी२६.१. हाडाचा सी४० किंवा सी४१, हाड कोणतं त्यावर. सी४९.९ म्हणजे जागा माहीत नाही. अँजिओसार्कोमाच्या चार्टवर सी४९.९ लावण्याची पाळी खरंतर येऊच नये, कारण बायोप्सी कुठून तरी घेतलेली असतेच. रिपोर्टच्या वरच्या भागात नमुन्याची जागा असते. तिथे नसेल तर ऑपरेशन नोट बघा, तिथेही नसेल तर क्वेरी पाठवा.

स्तनाचा वेगळा विचार करावा लागतो. सी५० या वर्गात स्तनाची कनेक्टिव्ह टिश्यूही धरलेली आहे, म्हणून स्तनातला अँजिओसार्कोमा सी५० मध्ये जातो, भाग आणि बाजू यांसकट. उजव्या स्तनाचा वरचा बाहेरचा भाग, बाई, तर सी५०.४११. पण स्तन पूर्वीच काढलेला आहे आणि गाठ छातीच्या भिंतीवर आली आहे, असं असेल तर सी४९.३ कडे वळावं लागतं. डॉक्टरनं 'चेस्ट' एवढाच मोघम शब्द लिहिला असेल तर अंदाज करायचा नाही. स्तनाच्या उरलेल्या भागात आहे की भिंतीवर आहे, हे विचारायचं. अशा चार्टवर जोडीचे कोडही लागतात: पूर्वीच्या स्तन कॅन्सरचा इतिहास झेड८५.३, पूर्वी घेतलेलं रेडिएशन झेड९२.३, काढलेला उजवा स्तन झेड९०.११. सुजलेल्या हातात गाठ असेल तर हाताचा सी४९.११ किंवा सी४९.१२ आणि सोबत स्तन काढल्यानंतरच्या सुजेचा आय९७.२. ही जोडणी केली की स्टुअर्ट-ट्रीव्ह्जची सगळी गोष्ट कोडमधूनच वाचता येते.

इथल्या हॉस्पिटलच्या एमआरडीत काम करणाऱ्यांसाठी: आपल्याकडे जागतिक आरोग्य संघटनेची आयसीडी-१० चालते. अमेरिकेची सीएम आवृत्ती तिच्यावरूनच केलेली आहे, पण जागतिक आवृत्तीत सी४९.१ च्या पुढे डावं-उजवं नाही. अमेरिकन पुस्तक बघून इथल्या रजिस्टरमध्ये पाच-सहा अक्षरी कोड लिहू नका. आयसीडी-११ जानेवारी २०२२ पासून लागू झाली आहे, आणि तिच्यात अँजिओसार्कोमाला स्वतःचा वर्ग आहे, २बी५६. मला याचा फार आनंद झाला. सी४९ च्या ढिगात हा आजार इतर सार्कोमांमध्ये मिसळून जातो, आणि मग कुणी आकडे काढायला बसलं की तो वेगळा सापडत नाही.

एक रुग्ण, चार भेटी

सरावासाठी रचलेला अमेरिकन चार्ट घेऊ. वय चौऱ्याहत्तर, पुरुष, डोक्याच्या कातडीवर वाढत जाणारी जांभळी गाठ.

पहिली भेट, त्वचारोगतज्ज्ञ. गाठ दिसते, पंच बायोप्सी घेतली. डॉक्टरचं निदान 'स्काल्प मास, रूल आउट अँजिओसार्कोमा'. क्लेम, म्हणजे विम्याकडे पाठवायचं बिल, त्याच दिवशी जाणार असेल तर निदान आर२२.०, प्रोसिजर १११०४ (केलेल्या कामाचे हे पाच आकडी कोड अमेरिकेच्या सीपीटी यादीतले). क्लेम थांबवून अंतिम रिपोर्टनंतर पाठवण्याची पद्धत असेल आणि रिपोर्टमध्ये पक्कं निदान असेल, तर सी४९.०. पॅथॉलॉजीच्या बाजूनं कातडीच्या नमुन्यासाठी ८८३०५, पहिल्या इम्युनो मार्करसाठी ८८३४२ आणि पुढच्या प्रत्येक मार्करसाठी ८८३४१. 'रूल आउट' वाचून डी४९.२ (स्वरूप न सांगितलेलं निओप्लाझम) लावायचा मोह होतो. डॉक्टरनं 'निओप्लाझम' हा शब्द लिहिला असेल तरच तो कोड. 'मास' आणि 'निओप्लाझम' हे शब्द कोडिंगमध्ये एक नाहीत. डी४८ तर त्याहून वेगळा: पॅथॉलॉजिस्टनं वर्तन अनिश्चित आहे असं स्पष्ट लिहिलं तरच तो लागतो, रिपोर्ट यायचा आहे म्हणून नव्हे.

दुसरी भेट, शस्त्रक्रिया. निदान सी४९.०. स्काल्पच्या सॉफ्ट टिश्यूतली गाठ मुळासकट काढली तर आकार दोन सेंटिमीटरपेक्षा कमी असल्यास २१०१५, दोन किंवा जास्त असल्यास २१०१६. आकार डॉक्टरच्या नोटमधून घ्यायचा. नमुना फॉर्मेलिनमध्ये आकसतो, म्हणून पॅथॉलॉजीतला आकार लहान येऊ शकतो.

तिसरी भेट, केमोथेरपी. रुग्ण फक्त केमोसाठी आला आहे, म्हणून पहिला कोड झेड५१.११, दुसरा सी४९.०. या आजारात पॅक्लिटॅक्सेल आठवड्याला देतात, नेहमीचा डोस शरीराच्या पृष्ठभागाच्या चौरस मीटरला ८० मिलिग्रॅम. आपल्या रुग्णाचा पृष्ठभाग १.७५ चौरस मीटर, म्हणजे १४० मिलिग्रॅम. पॅक्लिटॅक्सेलचा कोड जे९२६७ एका मिलिग्रॅमला एक युनिट धरतो, तेव्हा १४० युनिट. इथे युनिटच्या जागी 'एक' टाकणारे कोडर असतात, आणि हॉस्पिटलला औषधाचे पैसेच मिळत नाहीत. सलाईनमधून औषध सोडण्याच्या पहिल्या तासासाठी ९६४१३. नर्सच्या नोटमध्ये औषध सुरू झाल्याची आणि संपल्याची वेळ असायलाच हवी. पुढच्या तासाचा ९६४१५ लावायचा तर पहिल्या तासानंतर तीस मिनिटांपेक्षा जास्त वेळ गेलेला दिसला पाहिजे. वेळ लिहिलेली नाही तर तो कोड नाही.

चौथी भेट, भरती. रुग्णाला एकदम धाप लागली. उजवीकडे न्यूमोथोरॅक्स, म्हणजे फुप्फुसाबाहेर छातीत हवा भरलेली, सीटीत उजव्या फुप्फुसात पोकळ गाठी. स्काल्पचा अँजिओसार्कोमा फुप्फुसात पसरला की अशा पातळ भिंतीच्या पोकळ्या होतात आणि त्या फुटून छातीत हवा भरते. हे या आजाराचं ओळखीचं रूप आहे. डॉक्टरनं निदान लिहिलं, 'मेटास्टॅटिक अँजिओसार्कोमामुळे दुय्यम न्यूमोथोरॅक्स'. त्याचा कोड जे९३.१२. पण टॅब्युलर लिस्टमध्ये, म्हणजे कोडच्या क्रमानं लावलेल्या यादीत, त्या कोडखाली आधी मूळ आजार लावा असं लिहिलेलं आहे, आणि त्या यादीत फुप्फुसातला दुय्यम कॅन्सर आहे. म्हणून क्रम असा: सी७८.०१ (उजव्या फुप्फुसातला प्रसार), मग जे९३.१२, मग सी४९.०. रुग्ण हवा काढायला आला होता म्हणून जे९३.१२ वर न्यावा असं वाटतं, पण तिथली सूचना ते करू देत नाही.

पुढे कधी सगळे उपचार संपले, आजाराचा मागमूस नाही, नुसती तपासणी चालू आहे, असं डॉक्टरनं लिहिलं तर सी४९.० थांबतो आणि झेड८५.८३१ (पूर्वी होऊन गेलेला सॉफ्ट टिश्यूचा कॅन्सर) येतो. गाठ काढली आहे पण केमो किंवा रेडिएशन चालू आहे, तोवर कॅन्सरचाच कोड.

क्वेरी कशी लिहायची

नव्या मुलांना डॉक्टरला विचारायला संकोच वाटतो. संकोच करू नका, पण विचारायची रीत पाळा. चार्टमध्ये जे आहे ते तारखेसकट मांडायचं, पर्याय द्यायचे, त्यात 'इतर' आणि 'सांगता येत नाही' हेही ठेवायचे, आणि उत्तर सुचवायचं नाही. पैशाचा विषय तर काढायचाच नाही. उदाहरणार्थ: 'डाव्या छातीवरील नमुन्याचा पॅथॉलॉजी रिपोर्ट अँजिओसार्कोमा सांगतो. पूर्वी डाव्या स्तनाची शस्त्रक्रिया आणि रेडिएशन झाल्याची नोंद आहे. कृपया गाठीची मूळ जागा स्पष्ट करावी: डावा स्तन, छातीची भिंत, इतर, किंवा ठरवता येत नाही.' 'ही छातीची भिंतच ना?' असं विचारलं तर ऑडिटमध्ये ती क्वेरी बाद होते.

आपल्या भागातली फाइल

इथल्या रुग्णाची फाइल एका गावात तयार होत नाही. खानापूरच्या दवाखान्यात पहिली नोंद, बेळगावात बायोप्सी, मग कुणी हुबळीला, कुणी मिरजेला, कुणी बेंगळुरूच्या किडवाई कॅन्सर संस्थेत, तर कुणी मुंबईच्या टाटाला. प्रत्येक ठिकाणी कागद वेगळ्या भाषेत, आणि नावाचं स्पेलिंग वेगळं. लक्ष्मीचं एकीकडे 'एक्स' घालून, दुसरीकडे 'के-एस-एच' घालून. मराठी रीतीनं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव असं पूर्ण लिहिलेलं, तर इथल्या सरकारी कागदावर नाव आणि पुढे नुसतं आद्याक्षर. गावाचंही तेच. शहराचं अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झालं, त्यामुळे जुन्या रेडिएशनच्या कागदांवर बेळगाव आणि नव्यांवर बेळगावी. रेडिएशननंतरच्या अँजिओसार्कोमात तोच जुना कागद लागतो. दोन स्पेलिंगमुळे दोन फाइली झाल्या तर पहिल्या फाइलमधलं रेडिएशन दुसऱ्या फाइलला दिसतच नाही.

म्हणून रजिस्ट्रेशनच्या टेबलावर बसणाऱ्यांनी आधार कार्डावरचं इंग्रजी स्पेलिंग जसंच्या तसं उतरवावं. जुन्या कागदांवर वेगळं स्पेलिंग असेल तर तेही नोंदीत घ्यावं. रेडिएशन घेतलं होतं का, कोणत्या साली, कुठे, शरीराच्या कुठल्या भागाला, हे चार प्रश्न कॅन्सरच्या प्रत्येक रुग्णाला विचारावेत. आजी-आजोबांना 'रेडिएशन' कळत नाही. 'लाइट दिलेला काय?' असं विचारा, लगेच सांगतात.

रुग्ण दुसऱ्या मतासाठी बाहेर निघाला तर पॅथॉलॉजीचा नुसता रिपोर्ट देऊन भागत नाही. काचपट्ट्या आणि पॅराफिन ब्लॉक दोन्ही लागतात, कारण मोठ्या केंद्रात पॅथॉलॉजिस्ट ते परत तपासतात. ब्लॉकचा नंबर डिस्चार्ज समरीत लिहिला असेल तर पुढचा शोध वाचतो.

योजनांच्या बाबतीत एवढं लक्षात ठेवा की पॅकेजचा कोड आणि आयसीडीचा कोड वेगळे आहेत, आणि दोन्ही भरावे लागतात. कर्नाटकात आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक आहे. महाराष्ट्र सरकारनं सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना जाहीर केली आहे. कुठली योजना कुठल्या हॉस्पिटलात चालेल हे रुग्ण निघण्याआधी त्या हॉस्पिटलच्या योजना टेबलावर विचारून घ्यावं. रेशन कार्ड, आधार आणि बायोप्सी रिपोर्ट या तिन्हींवर नाव जुळलं नाही की मंजुरी अडकते, आणि हा आजार थांबत नाही.

कर्नाटकात कॅन्सरची नोंद कळवणं हॉस्पिटलांना बंधनकारक आहे. राष्ट्रीय कॅन्सर रजिस्ट्री कार्यक्रमाचं काम बेंगळुरूच्या एनसीडीआयआर या आयसीएमआरच्या संस्थेतून चालतं. दुर्मिळ कॅन्सरचं चित्र अशाच नोंदींतून तयार होतं, तेव्हा ९१२०/३ भरताना दोनदा बघा.

रुग्ण दगावला तर मृत्यूच्या कारणाचा दाखला, हॉस्पिटलसाठी नमुना ४, घरी मृत्यू झाला तर नमुना ४ए. पहिल्या भागात सगळ्यात खालच्या ओळीत मूळ आजार येतो. वर न्यूमोथोरॅक्स, मधे फुप्फुसातला प्रसार, खाली स्काल्पचा अँजिओसार्कोमा. 'कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट' एवढंच लिहिलेला दाखला आला तर डॉक्टरकडे परत न्या. घरचे लोक व्हरांड्यात थांबलेले असतात, घाईत असतात, तरी ती एक ओळ नीट लिहून घ्या. त्यांना पुढे विम्यासाठीही तोच कागद लागणार असतो.

घरून काम करणाऱ्यांसाठी, आणि पुस्तकाबद्दल

अमेरिकन चार्टवर १९९६ च्या हिपा या रुग्णाच्या माहितीच्या गोपनीयतेच्या कायद्याचं बंधन आहे. स्क्रीनचा फोटो काढून मैत्रिणीला शंका विचारणं बंद. आजार इतका दुर्मिळ आहे की नाव झाकलं तरी वय, गाव आणि निदान यांवरून माणूस ओळखू येऊ शकतो. एकत्र कुटुंबात काम करत असाल तर तुमची पाठ भिंतीकडे येईल असा लॅपटॉप ठेवा.

सीपीसी या कोडरच्या प्रमाणपत्राच्या परीक्षेची तयारी करत असाल तर ती शंभर प्रश्नांची, चार तासांची आहे, पास व्हायला सत्तर टक्के लागतात आणि कोडची पुस्तकं सोबत नेता येतात. निओप्लाझम टेबलच्या कनेक्टिव्ह टिश्यूच्या ओळीला खुणेची पट्टी लावून ठेवा, आणि सी४९ च्या वगळण्याच्या सूचनांनाही.

आयसीडी-१०-सीएम दरवर्षी १ ऑक्टोबरला बदलते, कधी १ एप्रिललाही थोडे बदल येतात. कोणतं पुस्तक उघडायचं हे क्लेम पाठवण्याच्या तारखेवरून ठरत नाही. ओपीडीत सेवा दिल्याची तारीख धरतात, भरती रुग्णात डिस्चार्जची. २८ सप्टेंबरला भरती झालेला आणि २ ऑक्टोबरला घरी गेलेला रुग्ण नव्या पुस्तकात येतो, २८ सप्टेंबरला ओपीडीत केमो घेऊन गेलेला जुन्याच.